खिळा ठोकता येईल अशी इमारत

दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठातून फोन आला, एफटीआयआर बंद पडलंय म्हणून. एफटीआयआर म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी पदार्थातले रासायनिक बंध ओळखणारं यंत्र. रसायनवाले, औषधनिर्माणवाले, पॉलिमर, कापड, माती यांवर काम करणारे, सगळ्यांच्या उपयोगाचं. विद्यापीठांतली अशी यंत्रं दुरुस्त करणं हे माझं गेल्या चोवीस वर्षांचं काम आहे. गेलो. इमारत कोरी करकरीत होती. चार मजले, पश्चिमेला वरपासून खालपर्यंत काच, दाराशी संगमरवरी पाटी: आंतरविद्याशाखीय विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन केंद्र.

दुसऱ्या मजल्यावरच्या यंत्राचं झाकण उघडलं, तर आतलं सिलिका जेल गुलाबी पडलेलं. ते कोरडं असतं तेव्हा निळं असतं. ओलावा पिऊन भरलं की गुलाबी होतं. मग ते काढून ओव्हनमध्ये तापवायचं आणि परत आत ठेवायचं, एवढंच. पण महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी आठवणीने बघायला लागतं, आणि तसं कुणी तिथे नव्हतं. यंत्रातला बीमस्प्लिटर, म्हणजे किरण दोन वाटांना विभागणारा भाग, पोटॅशियम ब्रोमाइडचा, म्हणजे मिठाच्याच जातीचा. एका पावसाळ्यात तो पार धुरकटला होता. नवा घ्यायचा तर खर्च लाखांत.

दोष तिथेच आहे याची खात्री करायला मला दुसरा बीमस्प्लिटर लावून बघायचा होता. चौकशी केली तेव्हा कळलं, त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं यंत्र बरोबर वरच्या मजल्यावर आहे, दुसऱ्या विभागाचं. वर गेलो, तर कुलूप. शिपाईमामा म्हणाले, "साहेब, किल्ली सरांकडे, आणि सर पेपर तपासायला गेलेत. उद्या भेटतील." लॉजवर राहिलो. दुसऱ्या दिवशी सर भेटले. भला माणूस. चहा मागवला, विचारपूस केली, आणि मग म्हणाले, "तुम्ही हात लावलात आणि काही झालं, तर सही माझी आहे हो." वरचं यंत्र प्लॅस्टिकच्या कव्हरखाली होतं. उद्घाटनाच्या पूजेचं कुंकू त्याच्या कोपऱ्यावर अजून होतं.

दोन यंत्रांमध्ये एक स्लॅब होता. खालच्या विभागातल्या पीएचडीच्या मुली आपले नमुने कुरिअरने दुसऱ्या शहरात पाठवत होत्या.

हा प्रसंग मी कोणाला नावं ठेवायला सांगत नाही. अशी इमारत मी एकच पाहिलेली नाही, आणि येत्या काही वर्षांत अशा आणखी बऱ्याच उभ्या राहणार आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय विद्यापीठाचा आग्रह धरला. उच्च शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम-उषा योजनेत 'मेरू' या नावाखाली निवडलेल्या विद्यापीठाला १०० कोटी रुपये मंजूर झाले, ते मुख्यतः बांधकाम, नूतनीकरण आणि उपकरणं यांसाठी. पैसा आला की पहिला नकाशा इमारतीचा निघतो. हा पैसा यावाच, सरकारी विद्यापीठांना तो कितीतरी आधी मिळायला हवा होता. पण इमारत कशासाठी आणि कशी बांधायची याचा विचार भूमिपूजनाच्या आधी व्हायला हवा, आणि तो वास्तुविशारद व ठेकेदार यांच्यावर सोडून चालणार नाही.

वेगवेगळ्या विषयांची माणसं एका छपराखाली आणली की काय होतं, याचं जगातलं सगळ्यात बोलकं उदाहरण एका लाकडी बराकीचं आहे. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातली एमआयटी ही संस्था. दुसऱ्या महायुद्धात तिथे रडार बनवण्याचं प्रचंड काम सुरू झालं आणि जागा पुरेना. १९४३ साली घाईघाईने एक तीन मजली इमारत उभी केली. पोलाद युद्धाला लागत होतं, म्हणून सांगाडा लाकडाचा. युद्ध संपलं की सहा महिन्यांत पाडायची, या बोलीवर परवानगी मिळाली होती. तिला धड नावही मिळालं नाही, इमारत क्रमांक २० एवढंच. ती पाडली गेली १९९८ साली, पंचावन्न वर्षांनी.

उन्हाळ्यात ती तापायची, थंडीत गारठायची, खिडक्यांतून वारा यायचा. खोल्यांचे क्रमांक असे विचित्र होते की नवा माणूस हमखास चुकायचा, आणि चुकला की भलत्याच कुणाच्या तरी प्रयोगशाळेत जाऊन उभा राहायचा. युद्ध संपल्यावर जागेच्या टंचाईमुळे ज्यांना दुसरीकडे थारा नव्हता त्यांना तिथे पाठवलं: अणुविज्ञानाची प्रयोगशाळा, इलेक्ट्रॉनिक्सची, ध्वनिशास्त्राची, आणि पुढे भाषाविज्ञानाचे मॉरिस हाले आणि नोम चॉम्स्की. आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घातला गेला तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या शेजारच्या खोल्यांत. विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वेचा क्लबही तिथेच होता. रूळ बदलण्याच्या स्विचांशी खेळता खेळता ती मुलं संगणकाकडे वळली, आणि अमेरिकेतल्या पहिल्या हौशी प्रोग्रामरांपैकी कित्येक जण त्यांतले.

या इमारतीबद्दलची एक गोष्ट मला, माझ्या धंद्यामुळे असेल, सगळ्यात मोलाची वाटते. तिथे तारा, नळ, वायूच्या लाइनी सगळ्या उघड्यावर होत्या, भिंतीवरून आणि छताखालून गेलेल्या. कुणाला वीज हवी, पाणी हवं, तर त्याने वर हात करून जोडून घ्यायचं. भिंत आड येत असेल तर भोक पाडायचं. जेरॉल्ड झकारियास अणुघड्याळावर काम करत होते. त्यांना तीन मजले उंचीचं उपकरण उभं करायचं होतं, तेव्हा त्यांनी मधल्या दोन मजल्यांच्या जमिनी काढून टाकल्या. इमारत एवीतेवी पाडायचीच होती, म्हणून कुणी नाही म्हटलं नाही.

आता आपल्याकडचं बघा. एका ठिकाणी व्हॅक्यूम पंप आवाज करतो आणि तेलाचा वास सोडतो म्हणून तो खोलीबाहेर ठेवायचा होता. त्यासाठी भिंतीत चार इंचाचं भोक हवं होतं. प्राध्यापकांचा अर्ज विभागप्रमुखांकडे, तिथून कुलसचिव कार्यालयात, तिथून विद्यापीठाच्या अभियंत्यांकडे, मग अंदाजपत्रक, मग वित्त विभाग. सात महिन्यांनी मी पुन्हा गेलो तेव्हा पंप आतच होता आणि मुलं कानात कापूस घालून बसत होती. भिंतीत ड्रिल मारायला ज्या इमारतीत सात महिने लागतात, तिथे नवा प्रयोग मांडायला किती लागत असतील, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या लाकडी इमारतीची आठवण काढणाऱ्यांना नेहमी विचारलं जातं की मग काय, गळकी पत्र्याची शेड बांधायची? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. आजचं संशोधन १९४३ चं नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला जमीन जराही थरथरलेली चालत नाही, म्हणून तो तळमजल्यावर, रस्त्यापासून आणि लिफ्टपासून लांब लागतो. नॅनोचं काम धूळमुक्त खोलीशिवाय होत नाही. रसायनाच्या प्रयोगशाळेत फ्यूमहूडमधून, म्हणजे घातक वाफा ओढून घेणाऱ्या कप्प्यातून, हवा सतत बाहेर फेकावी लागते, आणि तेवढीच गाळलेली हवा आत आणावी लागते. हवेचे हे मोठे नळ, म्हणजे डक्ट, छताखालून न्यायचे तर मजल्याची उंची साधारण साडेचार मीटर हवी. ऑफिसच्या उंचीची इमारत बांधून तिला प्रयोगशाळा म्हटलं, की पुढची तीस वर्षं सगळे डक्ट डोक्याला लागतात. तेव्हा इमारत चांगलीच हवी. फक्त चांगली कशाला म्हणायचं, हे यंत्रांपाशी उभ्या राहणाऱ्या माणसांना विचारून ठरवायला हवं.

स्टॅनफर्डमध्ये २००३ साली क्लार्क सेंटर उघडलं. त्याची रचना नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाची. अभियांत्रिकी, विज्ञान आणि वैद्यकीय महाविद्यालय यांच्या मधल्या जागेत ते मुद्दाम बांधलं. तिथली टेबलं चाकांवर आहेत. वीज, वायू, पाणी वरून, छतातून खाली येतं. आज इथे जीवशास्त्राचं टेबल आहे, उद्या तिथे रोबोटिक्सचं आणायचं, तर टेबल ढकलायचं आणि वरची जोडणी बदलायची. बराकीतली मोकळीक त्यांनी भरपूर पैसे खर्च करून परत मिळवली. उलट एमआयटीने क्रमांक २० च्या जागी फ्रँक गेरी यांच्याकडून स्टाटा सेंटर बांधून घेतलं, २००४ साली, साधारण ३० कोटी डॉलर खर्चून. तिरक्या भिंती, वाकडे मनोरे, जगभर फोटो छापून आले. तीन वर्षांत गळती आणि भेगा यांवरून संस्थेने वास्तुविशारदावर दावा लावला होता. तो पुढे मिटला, आणि आतली माणसं कामही उत्तम करतात. पण आपल्या कुलगुरूंच्या दालनात दिसायला सुंदर असं चित्र मांडलं जातं, तेव्हा हा दावा कुणीतरी आठवून द्यावा असं मला वाटतं. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तिथे पश्चिमेला काचेची भिंत लावली, की एसीचं बिल वाढतं. बिल वाढलं की संध्याकाळी साडेपाचला एसी बंद करायचं परिपत्रक निघतं, आणि यंत्र रात्रभर घामाघूम होतं. त्या गुलाबी सिलिका जेलची सुरुवात दर्शनी काचेपासून झालेली असते.

एमआयटीतलेच थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात साधा हिशेब मांडला होता: संशोधक एकमेकांशी किती वेळा बोलतात, आणि त्यांच्या टेबलांमध्ये अंतर किती. अंतर वाढलं की बोलणं झपाट्याने घटतं, आणि पन्नास मीटरच्या पुढे तर दोन माणसं वेगवेगळ्या गावांत असल्यासारखीच. म्हणजे जवळ आणण्याला अर्थ आहे. पण जवळ आणून मध्ये कुलूप ठेवलं तर ॲलन यांचा हिशेबही फिका पडतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

इंग्लंडमधल्या केंब्रिजला रेण्वीय जीवशास्त्राची (मॉलिक्युलर बायॉलॉजीची) जी प्रसिद्ध प्रयोगशाळा आहे, ती १९६२ मध्ये नव्या इमारतीत गेली. मॅक्स पेरुट्झ मूळचे रसायनशास्त्रज्ञ, फ्रान्सिस क्रिक भौतिकशास्त्रातून आलेले, फ्रेडरिक सँगर जीवरसायनवाले. पेरुट्झ यांनी दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक, उपकरणं आणि रसायनं सगळ्यांची, कुणा एकाच्या गटाची नव्हेत. दोन, वरच्या मजल्यावर उपाहारगृह, जिथे सकाळची कॉफी, जेवण आणि दुपारचा चहा सगळ्यांनी एकत्र घ्यायचा. ते उपाहारगृह त्यांच्या पत्नी गिझेला यांनी पुढे वीस वर्षांहून जास्त काळ सांभाळलं. आपल्या बडोद्यात भौतिकशास्त्र शिकलेले वेंकटरामन रामकृष्णन पुढे याच प्रयोगशाळेत गेले आणि त्यांना २००९ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या रचनेसाठी. भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, जीवशास्त्राचा प्रश्न आणि रसायनाचं पारितोषिक. आपल्या विद्यापीठात ते प्राध्यापकपदासाठी अर्ज घेऊन आले असते, तर छाननी समितीने पहिला प्रश्न विचारला असता, "तुमचा मूळ विषय कोणता?"

परदेशातली उदाहरणं पुरेत. आपल्याकडे झालेलं नाही असं नाही. होमी भाभांनी १९६२ मध्ये, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी यांना रेण्वीय जीवशास्त्राचा गट सुरू करायला बोलावलं. गणित आणि भौतिकशास्त्राच्या संस्थेत जीवशास्त्र. पुढच्याच वर्षी गोविंद स्वरूप अमेरिकेतून आले आणि रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा राहिला. त्यांनी सुरुवात केली ती कल्याणजवळ, ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या रेडिओ लहरी पकडणाऱ्या बत्तीस वापरलेल्या तबकड्या मांडून. तिथून उटीची रेडिओ दुर्बीण, आणि उटीहून जुन्नर तालुक्यातलं खोडद. नारायणगावहून खोडदला गेलात की द्राक्षांच्या आणि उसाच्या मध्ये पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतात. एकूण तीस. त्यातल्या चौदा जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना, एकूण सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या.

खोडदची ती तबकडी एकदा जवळ उभं राहून पाहा. तिला भरीव पत्रा नाही. बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे, आणि ती ताणून धरली आहे तारेच्या दोरांनी. भरीव तबकडीवर वाऱ्याचा दाब एवढा येतो की सांगाडा फार जड, फार महाग झाला असता. रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीची भोकं दिसतच नाहीत. वारा मात्र जाळीतून निघून जातो. ही कल्पना सुचायला खगोलशास्त्र, स्थापत्य आणि यांत्रिकी अभियांत्रिकी एका डोक्यात, निदान एका टेबलावर असावी लागते. त्या टेबलावर बसणाऱ्यांना कोणी आंतरविद्याशाखीय म्हणत नव्हतं. त्यांच्यापुढे एकच दुर्बीण होती, पैसे कमी होते, आणि एकाचं काम अडलं की सगळ्यांचंच अडत होतं.

त्याच जिल्ह्यात, पुण्यात, आयुका आहे, सगळ्या विद्यापीठांसाठीचं खगोलशास्त्राचं केंद्र. १९८८ साली जयंत नारळीकर यांनी उभी केली, चार्ल्स कोरिआ यांनी वास्तू रचली. वास्तू देखणी आहेच, कुंडाच्या पायऱ्यांवर बसावंसं वाटतं. पण आयुकाचा खरा कणा म्हणजे तिचा नियम: भारतातल्या कोणत्याही विद्यापीठातल्या शिक्षकाने तिथे असोसिएट म्हणून यावं, राहावं, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, आपले विद्यार्थी आणावेत. लहान गावातल्या कॉलेजातला भौतिकशास्त्राचा शिक्षक तिथे पाहुणा नसतो, हक्काचा माणूस असतो. हा नियम लिहायला सिमेंट लागत नाही. तो नसता तर कुंडाच्या पायऱ्यांवर फक्त सहलीचे फोटो निघाले असते.

आता त्या सरांकडे परत येतो, ज्यांनी मला चहा पाजला आणि यंत्राला हात लावू दिला नाही. ते आडमुठे नव्हते. आपल्याकडे प्रत्येक यंत्र कोणत्या तरी विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, चढतं. चढवणाऱ्याची सही असते. लेखापरीक्षणाला आलेला माणूस यंत्रावर किती संशोधन झालं हे विचारत नाही, यंत्र जागेवर आहे का ते विचारतो. यंत्र हरवलं, मोडलं, दुसऱ्या विभागात गेलं, तर उत्तर सही करणाऱ्याने द्यायचं. निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडतं. मोडकं यंत्र काढून टाकायचं तर निर्लेखनाचा प्रस्ताव, आणि तो फिरतो वर्षानुवर्षं. या व्यवस्थेत शहाण्या माणसाने काय करावं? यंत्राला कव्हर घालावं आणि किल्ली खिशात ठेवावी. माझ्या चोवीस वर्षांत मला जी न वापरलेली, जवळजवळ नवी आणि तरीही बिघडलेली यंत्रं भेटली, त्यांची गोष्ट बहुतेक वेळा या रजिस्टरपाशी येऊन थांबते. यंत्राला वापर लागतो. न वापरलेला व्हॅक्यूम पंप आतून गंजतो, न पेटवलेली एक्स-रे ट्यूब एकदम पूर्ण विद्युतदाबावर नेली की जाते, यंत्र थंड ठेवणाऱ्या चिलरच्या पाण्यात शेवाळ धरतं.

दुसरं कुलूप प्राध्यापकांच्या बढतीच्या गुणांचं आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधाला लेखक दोनपेक्षा जास्त असतील, तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के गुण. हिशेब सोपा, म्हणून हेतू वाईट असं मी म्हणणार नाही. पण स्थापत्यवाली, सूक्ष्मजीवशास्त्रवाला आणि संख्याशास्त्रवाली असे तिघे सांडपाण्यावर काम करतात, तेव्हा तिघांपैकी दोघांना घरी जाऊन विचार करावा लागतो की बढतीच्या वर्षात हे परवडेल का. मग इमारतीत कितीही उघडे जिने ठेवा.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसलो: यंत्र चालवणारा माणूस. पदनाम काहीही असेल, तंत्रसहायक, प्रयोगशाळा सहायक, ऑपरेटर. सकाळी येऊन चिलर सुरू करणारा, पंपाचं तेल बघणारा, नमुना नीट वाळलेला नाही म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवणारा, आणि तीन विभागांतली मुलं ज्याच्याकडे येतात म्हणून कुणाचं काम कुठे अडलंय हे ज्याला एकट्याला माहीत असतं, तो. विज्ञानाचे इतिहासकार पीटर गॅलिसन यांनी एमआयटीतल्या युद्धकाळातल्या त्या रडार प्रयोगशाळेबद्दल लिहिताना दाखवलं आहे की भौतिकशास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्यात कामापुरती एक मधली भाषा तयार झाली, जशी मुंबईच्या बाजारात कामचलाऊ हिंदी तयार झाली. आपल्या प्रयोगशाळांत ही मधली भाषा बोलणारा माणूस म्हणजे हा तंत्रसहायक. एका विद्यापीठात मी एका तंत्रसहायकाला हे करताना पाहिलं आहे. मेकॅनिकलचा विद्यार्थी वेल्डिंगच्या सांध्यातल्या गंजाचा आलेख घेऊन बसला होता, आणि आठवडाभर आधी रसायनाची एक मुलगी तसाच आलेख घेऊन गेली होती. "थांब," ते म्हणाले, "तुझी ही रेघ मी पाहिली आहे. तिला फोन लाव." पुढे त्या दोघांचा मिळून निबंध आला. तंत्रसहायकाचं नाव आभारातही नव्हतं.

ही पदं मंजूर पदांच्या आकृतिबंधात नाहीत, किंवा आहेत आणि रिकामी आहेत. जो निवृत्त होतो त्याच्या जागी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कुणीतरी पोरगा येतो, यंत्र शिकतो, आणि शिकला की खासगी कंपनीत दुप्पट पगारावर जातो. जाणारच. मुंबईची आणि बंगळुरूची नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रं २००८ पासून बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांना बोलावून प्रशिक्षण देतात, यंत्रं वापरू देतात. ती चालतात कारण तिथे यंत्रापाशी उभी राहणारी, पगारी, शिकलेली माणसं आहेत. पवईच्या आयआयटीतल्या विश्लेषण केंद्रात राज्यभरातून नमुने येतात, तेही याच कारणाने. २०२० मध्ये देशभरातली उपकरणं एका पोर्टलवर आणायला सुरुवात झाली, फार चांगलं झालं. पण पोर्टलवर वेळ ठरवून आलेल्या मुलीला दार उघडून देणारं कुणी हवं.

माझं म्हणणं सरळ आहे. नव्या केंद्राच्या प्रस्तावात पहिल्या पानावर तंत्रसहायकांची पदं असावीत, कायम, बढतीची शिडी असलेली, तीन-चार मोठ्या यंत्रांमागे किमान एक. यंत्रं विभागाच्या नव्हे, केंद्राच्या रजिस्टरमध्ये चढावीत आणि किल्ली या माणसाकडे असावी. वापरताना यंत्र बिघडलं तर तो कुणाचा गुन्हा ठरू नये, अशी स्पष्ट ओळ विद्यापीठाच्या नियमात लिहावी, आणि लेखापरीक्षणात यंत्र किती तास चाललं हे विचारावं. देखभालीच्या कराराला दरवर्षी यंत्राच्या किमतीच्या साधारण पाच ते दहा टक्के लागतात. म्हणजे साठ लाखांच्या यंत्राला तीन ते सहा लाख, दरवर्षी. त्यात २०२२ मध्ये संशोधन संस्था घेतात त्या बहुतेक उपकरणांवरचा जीएसटी ५ वरून १८ टक्क्यांवर गेला. ही रक्कम पहिल्या दिवशी ठेव म्हणून बाजूला काढता येत नसेल, तर तेवढी यंत्रं कमी घ्यावीत.

इमारतीचं काय? खांब सरळ, मजला उंच, तारा-नळ्या हाताला येतील अशा, भिंती हलवता येतील अशा, जड यंत्रांसाठी तळमजला. जागा विभागांच्या मध्ये, कॅम्पसच्या टोकाला माळावर नको, कारण माळावर दुपारी दोनला कोणी चालत येत नाही. चहा आणि डबा खायला एकच मोठी जागा, प्राध्यापकांची वेगळी खोली नको. आणि इमारतीसाठी एक जाणकार अभियंता तिथेच बसणारा, ज्याला भिंतीत भोक पाडायची परवानगी त्याच दिवशी देता येईल किंवा कारण सांगून नाकारता येईल. वायू आणि विजेच्या लाइनींमध्ये कुणीही येऊन ड्रिल चालवणं धोक्याचं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नाही. त्यासाठीच तो माणूस हवा.

मला सांगितलं जातं की केंद्र सरकारचा पैसा पगारासाठी नसतो आणि राज्य पदं मंजूर करत नाही, मग आलेला बांधकामाचा पैसा परत पाठवायचा का? माझं उत्तर आहे, नवी इमारत बांधू नका. जुन्या विभागांच्या भिंती पाडा, गळती काढा, विजेची लाइन नीट करा, दोन विभागांमधल्या जिन्याचं कुलूप काढा, आणि पदांसाठी राज्याशी भांडा. कुलगुरूंनी, व्यवस्थापन परिषदेने, प्राध्यापकांच्या संघटनांनी मिळून भांडा. इमारत मागताना जेवढे हेलपाटे मारले जातात, तेवढे एका पदासाठी कुणी मारलेले मी ऐकलेले नाहीत.

"तिला फोन लाव" म्हणणारे ते तंत्रसहायक चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्याकडे एक दोनशे पानी वही होती. यंत्राची रोजची तब्येत त्यात लिहिलेली: कोणत्या महिन्यात चिलरचं तापमान किती ठेवायचं, ट्यूब चढवताना किती थांबायचं, कोणत्या पंपाचा आवाज सकाळी पंधरा मिनिटं वेगळा येतो आणि घाबरायचं कारण नाही, कोणत्या विभागातली मुलं नमुना ओला आणतात. शेवटच्या दिवशी ती वही द्यायला विभागात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी मला झेरॉक्स काढायला दिली आणि मूळ प्रत कपाटात ठेवली. ते यंत्र आता नव्या इमारतीत हलवलं आहे. कपाट हलवलेलं नाही. झेरॉक्स माझ्या बॅगेत असते, आणि तिकडे जाणं झालं की मी दरवेळी विचारतो, नवीन कुणी आलं का. परवाही विचारलं. जाहिरात निघायची आहे म्हणाले.